नळ बदलताना पाण्याच्या जोडण्या: टेप कुठे, वॉशर कुठे आणि कोणतं काम आधी

फोंड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या काउंटरवर मी बरीच वर्षं उभा आहे. शनिवारी नवा नळ घेऊन गेलेला माणूस सोमवारी सकाळी परत येतो आणि टेफ्लॉन टेपची आणखी दोन रिळं मागतो. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात तर असे रोज चार-पाच जण असतात. "भाऊ, नळ चांगला आहे, पण खालून थेंब येतोय." मी विचारतो, टेप कुठे कुठे गुंडाळलीत? उत्तर ठरलेलं असतं: "सगळीकडे."

बहुतेक गळती तिथेच सुरू होते. नळाच्या जोडण्या दोन जातींच्या असतात. एका जातीत पाणी आट्यांवर अडतं, दुसरीत रबरी वॉशरवर. पहिलीला टेप हवीच. दुसरीला टेप लावली तर नट वाकडा किंवा अर्धवट बसतो, वॉशरवर सारखा दाब येत नाही आणि पाणी पाझरतं. मग माणूस आणखी जोर लावून आवळतो, वॉशर चिरतो, नटाला तडा जातो. हा एवढा फरक ओळखता आला आणि कामाचा क्रम चुकला नाही, तर बेसिनचा किंवा सिंकचा नळ घरच्या घरी बदलता येतो.

इथे मी बेसिनवर किंवा सिंकवर उभा बसणारा नळ धरला आहे. भिंतीतून अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायचा छोटा कोनी व्हॉल्व, बाहेर येतो, त्यावर कनेक्शन पाईप, म्हणजे तारेच्या विणकामाची लवचिक नळी, आणि पाईपचं दुसरं टोक नळाच्या बुडाला. भिंतीत थेट बसणाऱ्या बिब कॉकबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

## १. पाणी कुठून येतं ते आधी शोधा

आपल्या गोव्यातल्या घरांत एकाच घरात दोन-तीन ठिकाणचं पाणी फिरत असतं. न्हाणीघराला टाकीचं, स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला मीटरवरून थेट आलेलं सरकारी पाणी, आणि परसात विहिरीच्या पंपाची वेगळी लाईन. सरकारी पाणी ओपाच्या योजनेचं असो, आस्नोड्याच्या असो की साळावलीच्या, थेट लाईनवरचा नळ टाकीचा व्हॉल्व बंद केल्याने बंद होत नाही. हे अगदी साधं आहे, तरी लोक टाकीचा व्हॉल्व बंद करून सिंकखाली शिरतात आणि भिजून बाहेर येतात.

याहून वाईट प्रकार माझ्या स्वतःच्या घरी झाला. आमच्याकडे सरकारी पाणी ठरावीक वेळीच येतं. दुपारी नळ उघडून बघितला, कोरडा होता. पाणी बंद आहे असं समजून मी जुना नळ काढला आणि एक भाग दुकानातच राहिला म्हणून ते काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. मीटरजवळचा कॉक बंद केलाच नव्हता. पहाटे पाणी आलं. आईला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होतं आणि सिंकखालचं प्लायवूडचं कपाट फुगून त्याची दारं लागेनाशी झाली होती. कोरडा नळ आणि बंद केलेली लाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सुरुवात अशी करा. पाणी येण्याच्या वेळी, नळाला चांगली धार असताना, एकेक व्हॉल्व बंद करून बघा. कोणत्या व्हॉल्वने कोणता नळ बंद होतो हे एकदा कळलं की त्या व्हॉल्वला रंगाची खूण करून ठेवा किंवा चिठ्ठी बांधा.

गीझर असेल तर पाणी बंद करण्याआधी त्याचं बटण बंद करा. टाकी रिकामी असताना गीझर चालू राहिला तर आतली कॉइल जळते.

जुना गेट व्हॉल्व वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर अडकलेला असतो. त्याला पान्याने झटका देऊ नका, आतली दांडी तुटते. थोडा मागे, थोडा पुढे असा हलवत सोडवा. तरीही फिरत नसेल तर नळाचं काम बाजूला ठेवून तो व्हॉल्व आधी बदलून घ्या.

तपासा: व्हॉल्व बंद केल्यावर नळ पूर्ण उघडा ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. पाईपमध्ये उरलेलं पाणी निथळून धार पूर्ण थांबली पाहिजे. थेंब पडतच राहिले तर कुठलातरी व्हॉल्व पाणी सोडतो आहे.

## २. माप आणि सामान

घरगुती नळाची जोडणी आपल्याकडे बहुतेक सगळीकडे अर्ध्या इंचाची, म्हणजे १५ मिमीची असते. इथे एक घोटाळा नेहमी होतो. आट्यांवर पट्टी ठेवली तर बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिमी भरतो. लोक तो इंचात मोजतात, पाऊण इंचाच्या जवळ येतो आणि मग पाऊण इंची वस्तू घेऊन जातात. अर्धा इंच हे पाईपचं नाव आहे, आट्यांचं माप नाही. पाऊण इंची आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण साडेसव्वीस मिमी असतो. २१ भरला तर अर्धा इंचीच मागा. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे जुना भाग किंवा त्याचा फोटो सोबत आणा.

आपल्याकडे अनेकांचे नातेवाईक पोर्तुगालला किंवा युरोपात दुसरीकडे असतात. येताना कोणी देखणा मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र देणारा नळ, घेऊन येतं. त्याच्या नळ्यांच्या टोकाला बऱ्याचदा ३/८ इंची नट असतो आणि आपला अँगल कॉक अर्धा इंची. तो नट त्यावर बसत नाही आणि टेप गुंडाळून कधीही बसणार नाही. अर्धा इंच ते ३/८ चा पितळी रिड्यूसर घ्या, किंवा ३/८ तोंडाचा अँगल कॉक मिळाला तर तोच बसवा. आणलेला मिक्सर पेटीतून काढून नळ्यांची टोकं आधी बघा, मगच जुन्याला हात लावा.

कनेक्शन पाईप १८ आणि २४ इंचांचे सहज मिळतात. अँगल कॉकच्या तोंडापासून नळाच्या बुडापर्यंतचं अंतर सुतळीने मोजा आणि त्यात चार-सहा इंच वाढवा. ताणून बसवलेल्या पाईपचा नट तिरका बसतो आणि वॉशर एका बाजूनेच दाबला जातो. फार लांब पाईप घेतला तर तो वाटोळा दुमडतो आणि दुमडलेल्या जागी आतली रबरी नळी चिरते. मोठी कमान करून सहज वळला पाहिजे.

पाईप निवडताना पैसे वाचवू नका. वरून सगळे चकचकीत दिसतात, पण स्वस्तात अॅल्युमिनियमच्या तारेचं विणकाम असतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत, कळंगुटपासून काणकोणपर्यंत कुठेही, ते पांढरं पडून तुटायला लागतं. ३०४ स्टीलच्या तारेचा आणि पितळी नटांचा पाईप घ्या. जुना पाईप नव्या नळाला परत लावू नका. त्याचा वॉशर जुन्या जागेच्या आकारात दबून कडक झालेला असतो.

नळाबरोबर अँगल कॉक बदलायचा का? तो दहा वर्षं जुना असेल, तळाशी हिरवट पांढरी बुरशी धरली असेल, किंवा बंद करूनही नळाला बारीक धार येत असेल तर बदलाच. तसं काही नसेल तर त्याला उगाच हलवू नका. भिंतीतली जोडणी चांगली चालू असेल तर तिला हात न लावणं शहाणपणाचं.

आणखी एक वस्तू घ्या, तिला फार किंमत पडत नाही: अर्धा इंची डमी प्लग. काम मध्येच अडलं, भाग चुकीचा निघाला, अंधार झाला, तर भिंतीतल्या तोंडाला टेप लावून हा प्लग आवळायचा आणि घराचं पाणी सुरू करायचं. माझ्या घरी त्या दिवशी हा प्लग असता तर ते कपाट वाचलं असतं.

हत्यारांत दोन अॅडजस्टेबल पाने हवेत, दोन म्हणजे दोनच, त्याचं कारण पुढे येईल. बेसिनच्या मागचा नट हाताला येत नसेल तर लांब दांड्याचा बेसिन पाना. त्याशिवाय टॉर्च, बादली, जुनी फडकी, जुना टूथब्रश आणि टेफ्लॉन टेप. दातांचा पाईप पाना क्रोमवर वापरू नका. दातांच्या खुणांतून क्रोम उडतं आणि आपल्या हवेत तिथूनच गंज लागतो.

## ३. जुना नळ काढणे

सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा. तिथे अॅसिडची किंवा टॉयलेट क्लीनरची बाटली सापडली तर ती परत तिथे ठेवू नका. झाकणातून निघणारी वाफ स्टीलच्या तारासुद्धा खाते. पाईप अचानक फुटल्याची तक्रार घेऊन आलेल्या अनेकांच्या सिंकखाली अशी बाटली असल्याचं विचारल्यावर कळतं.

व्हॉल्व बंद, नळ उघडा, खाली बादली. आता पाईपचा अँगल कॉककडचा नट सोडवायचा. इथे दुसरा पाना लागतो. एका पान्याने अँगल कॉकचं अंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नटाबरोबर अँगल कॉकही भिंतीत फिरतो, आतली टेप तुटते आणि जी जोडणी उत्तम चालू होती ती भिंतीच्या आतून पाझरायला लागते. नळ बदलल्यावर पंधरा दिवसांनी भिंतीला ओल आली, असं जे सांगतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

नट कोणत्या दिशेने फिरवायचा यातही सिंकखाली उताणं पडल्यावर गोंधळ होतो. खालचा नट वरून बघितला तर डावीकडे सुटतो. वरचा, नळाच्या बुडाचा नट खालून बघितला तर डावीकडे सुटतो. तुम्ही दोन्ही खालूनच बघत असता, त्यामुळे एक उलटा वाटतो. नट ज्या बाजूने चढवला आहे तिकडून बघतो आहोत अशी कल्पना करा, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटणार. दिशेची खात्री झाल्याशिवाय जोर लावू नका. अनेकजण सोडवायच्या नादात नट आणखी आवळत बसतात.

नट गंजून बसला असेल तर टूथब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि थांबा. दहा मिनिटांत न सुटलेला नट रात्रभर ठेवल्यावर सकाळी सुटतो, हे मी अनेकदा बघितलं आहे. बेसिनखालचा मोठा बॅकनट, म्हणजे नळ खालून आवळून धरणारा नट, अजिबात हलत नसेल तर हॅक्सॉ ब्लेडने त्याला एका बाजूने चीर पाडा. जुना नळ फेकायचाच आहे, बेसिनला मात्र ब्लेड लागू देऊ नका.

सावध: जुन्या घरांत भिंतीतला पाईप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, असेल आणि अँगल कॉक काढताना निपल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) आतल्या आत तुटला, तर पुढे जाऊ नका. उरलेला तुकडा काढायला निपल एक्स्ट्रॅक्टर लागतो आणि हात बसलेला हवा. तिथे प्लंबरला बोलवा.

नळ निघाल्यावर त्याच्या बुडाखाली साचलेला मळ आणि पांढरा थर घासून काढा. नव्या नळाची गादी गुळगुळीत, कोरड्या जागेवर बसली पाहिजे.

## ४. अँगल कॉक बदलायचा असेल तर: टेपची खरी जागा

अँगल कॉक भिंतीत जातो तिथे वॉशर नसतो. पाणी फक्त आट्यांवर अडतं. म्हणून टेप इथे.

आधी भिंतीतल्या आतल्या आट्यांतून जुन्या टेपचे धागे टोकदार काडीने काढा. नंतर नवा अँगल कॉक टेप न लावता हाताने फिरवून बघा. दोन-तीन आटे सहज गेले पाहिजेत. लगेच अडला तर आटे एकमेकांवर चढत आहेत, काढून परत सरळ धरा. भिंतीतलं तोंड टाइल्सच्या फार आत असेल तर कॉक अर्धवटच बसतो. अशा वेळी मापाचा एक्स्टेन्शन निपल मध्ये घाला. निपललाही दोन्ही जागी टेप लागते.

आता टेप. आटे असलेलं टोक तुमच्याकडे करा. टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आट्यांच्या खाचा दिसतील इतकी दाबून गुंडाळा. आपल्याकडे मिळणारी पातळ टेप असेल तर दहा-बारा फेरे. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा पाण्यात जाऊन नळाच्या आत अडकतो. उलट दिशेने गुंडाळलेली टेप कॉक फिरवताना सुटून बाहेर येते. बाहेर टेपची पिसं दिसली की समजा, काढून परत करायचं आहे.

भिंतीला टेकणारी गोल क्रोमची तबकडी, म्हणजे फ्लॅन्ज, आधी कॉकवर चढवा. नंतर ती घालता येत नाही.

हाताने जाईल तेवढा फिरवा, मग पान्याने. कॉकचं तोंड वर सरळ उभं राहिलं पाहिजे. इथे सगळ्यांत जास्त काम बिघडतं. तोंड थोडं पुढे गेलं, की माणूस ते मागे फिरवून सरळ करतो. टेपवर बसलेली जोडणी मागे फिरवली की ती फुटली. पुढे आणखी एक फेरा सहज जात असेल तर द्या. जात नसेल तर पूर्ण काढा, टेप फाडून टाका, दोन फेरे जास्त गुंडाळा आणि परत बसवा. पाव फेराही मागे नको.

नव्या घरांत भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाईप आणि त्यावर पितळी आट्यांचा एल्बो असतो. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या त्या पितळेला खांद्याचा जोर लावला तर प्लास्टिकला तडा जातो, आणि तो तडा टाइल्सच्या मागे असतो. मनगटाचा जोर पुरे. सीपीव्हीसीवर तेलकट पेस्ट किंवा सफेदा लावू नका, फक्त टेप.

सावध: पाझर दिसला म्हणून फ्लॅन्जभोवती व्हाइट सिमेंट भरू नका. पाणी थांबत नाही, फक्त तोंड बदलतं. आपल्या चिऱ्याच्या भिंती पाणी शोषून घेतात. इथे दाबलेली गळती दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत कपाटामागे काळ्या डागाच्या रूपाने बाहेर येते.

## ५. पाईप जोडण्याआधी लाईन धुवा

ही पायरी दहापैकी आठ जण गाळतात, आणि नवा नळ पहिल्याच आठवड्यात खराब होतो तो यामुळेच.

अँगल कॉकच्या तोंडाखाली बादली धरा, किंवा पाईपचं फक्त खालचं टोक जोडून वरचं टोक बादलीत सोडा. हा दुसरा मार्ग बरा, भिंत भिजत नाही. आता मुख्य व्हॉल्व उघडा आणि कॉक सावकाश सोडा. पहिलं पाणी बघत राहा. पावसाळ्यात गढूळ येतं, टाकीच्या तळाचा गाळ येतो, विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस पापुद्रे येतात. त्यात नुकत्या केलेल्या कामाचे टेपचे तुकडे आणि गंजाचे कण असतात. आताच्या पाव फेऱ्याच्या नळांत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. वाळूचा एक कण मध्ये गेला की त्यांना ओरखडा पडतो आणि नळ बंद करूनही थेंब पडत राहतो. मग नळाला दोष दिला जातो.

बादलीत हात घालून तळ चाचपा. कण लागेनासे होईपर्यंत वाहू द्या, निदान एक बादली. गरम आणि थंड अशा दोन लाईन असतील तर दोन्ही धुवा.

तपासा: याच वेळी कॉक बंद करून भिंतीजवळची जोडणी कोरड्या कागदाने पुसून बघा. गळती इथे असेल तर आताच कळेल.

## ६. नळ्या नळाला आधी, नळ बेसिनवर नंतर

उभ्या मिक्सरला दोन बारीक नळ्या थेट अंगात बसतात. त्या जोडून मगच मिक्सर भोकातून खाली सोडायचा. आधी मिक्सर आवळून बसवला तर खालून त्या नळ्यांपर्यंत बोटं पोचत नाहीत. नीट बघा, एका नळीचा आट्यांचा दांडा आखूड असतो आणि दुसरीचा लांब. आखूड आधी बसवा, लांब नंतर, म्हणजे दोघी एकमेकींना अडत नाहीत. या नळ्यांना टोकाला रबरी ओ-रिंग असते. पाणी ती अडवते. टेप नाही, पाना नाही, बोटांनी घट्ट. पान्याने आवळलं तर ओ-रिंग कापली जाते.

साध्या पिलर कॉकला, म्हणजे एकाच पाण्याच्या उभ्या नळाला, अशा नळ्या नसतात. त्याच्या बुडाचे आटे बेसिनच्या खाली येतात, त्यावर बॅकनट आणि मग कनेक्शन पाईप.

बेसिनच्या वर रबरी गादी, खाली दुसरा वॉशर, मग बॅकनट. वरून कोणीतरी नळ सरळ धरायला हवं. "आई, तोंड समोर धर गं, हलवू नको," असं वरच्याला सांगत खालून आवळावं लागतं. चिनी मातीच्या बेसिनवर बॅकनट अति आवळला तर बेसिनला केसासारखा तडा जातो. नळ हाताने हलत नाही एवढं पुरे.

## ७. कनेक्शन पाईप जोडणे: इथे टेप नको

नटाच्या आत डोकावून बघा. काळा किंवा पांढरा सपाट वॉशर दिसला पाहिजे. पेटीतून काढताना तो पडून जातो, आणि वॉशर नसलेला नट कितीही आवळला तरी गळणारच. तुमच्या बोटाने तो दाबून सपाट बसवा.

गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. मिक्सरच्या नळ्यांवर लाल आणि निळी खूण असते, पण ती नसली तर फुंकर मारून बघा. हँडल एका टोकाला नेलं की कोणत्या नळीतून फुंकर जाते ते कळतं.

आधी वरचं टोक, मग खालचं. नट हाताने चढवा. पहिले दोन फेरे बोटांच्या टोकांनी, जोर न लावता. तिरका चढला तर लगेच जड लागतो, मागे घ्या. हाताने पूर्ण आवळल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. खाली आवळताना परत तेच: दुसऱ्या पान्याने अँगल कॉक धरून ठेवा.

पाईप पिळला जातो आहे का तेही बघा. नटाबरोबर विणकाम फिरताना दिसलं तर पाईप हाताने धरा. पिळलेला पाईप सुटायचा प्रयत्न करत राहतो आणि काही महिन्यांत नट सैल करतो.

"भाऊ, टेपचा एक फेरा दिला तर काय बिघडतं?" असं मला रोज कोणीतरी विचारतं. बिघडतं. आट्यांवर टेप आली की नट लवकर जड लागतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि वॉशर अजून तोंडाला पुरता टेकलेला नसतो.

## ८. पाणी सोडणे

नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर, फिरवून काढून ठेवा. नळ उघडा ठेवा. मग अँगल कॉक सावकाश सोडा, झटक्याने नाही. हवा फसफसत निघून जाईल. धार एकसारखी झाली की नळ बंद करा. आता जोडण्यांवर पूर्ण दाब आला.

सगळ्या जोडण्या कोरड्या फडक्याने पुसा. मग प्रत्येक जोडणीभोवती वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा तुकडा वेगळा फिरवा, वरून सुरुवात करून खाली. पाणी वरच्या नटातून निघून पाईपवरून उतरतं आणि खालच्या नटाशी थेंब होऊन लोंबतं. लोक खालचा नट आवळत राहतात. कागद सगळ्यांत वर जिथे भिजतो, दोष तिथे.

वॉशरच्या जोडणीत पाझर असेल तर आठवा हिस्सा फेरा आणखी द्या. थांबला नाही तर पाणी बंद करून नट सोडा आणि वॉशर बघा. तो वाकडा बसलेला, दुमडलेला किंवा गायब असेल. भिंतीतल्या टेपच्या जोडणीत पाझर असेल तर ती काढून नव्या टेपने परत करा.

टाकीच्या पाण्याचा दाब कमी असतो हेही ध्यानात घ्या. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तेव्हा कुठे १ बारच्या आसपास दाब मिळतो. एकमजली घरावरची टाकी नळाहून तीन-चार मीटर उंच असली तर तो ०.३ ते ०.४ बार. तेवढ्यावर न गळलेली जोडणी सोसायटीच्या प्रेशर पंपावर गळू शकते. थेट सरकारी लाईनवरचा नळ असेल तर पाण्याच्या वेळी, जोरात पाणी असताना, परत कागद फिरवा. पहाटे येत असेल तर पहाटे उठा.

गीझर लगेच चालू करू नका. गरम बाजूने नळातून एकसारखी धार येईपर्यंत पाणी वाहू द्या, म्हणजे गीझर भरला. मग बटण. गरम पाणी आल्यावर त्या बाजूची जोडणी पुन्हा तपासा, गरम होऊन भाग फुगतात आणि थंड असताना कोरडी असलेली जागा कधी ओली होते.

जाळी धुऊन परत लावा.

## भिंतीतला बिब कॉक

परसातला किंवा न्हाणीघरातला बिब कॉक थेट भिंतीत जातो. त्याला चौथ्या पायरीतलं सगळं आणि पाचवीतलं लाईन धुणं लागू आहे: कोरडा फिरवून बघणं, लाईन धुणं, टेप, फ्लॅन्ज आधी, मागे न फिरवणं. तोंड खाली सरळ येईल असा अंदाज टेपच्या फेऱ्यांनी घ्यायचा. परसातल्या नळाला होज लावून लोक तो ओढतात, त्यामुळे भिंतीतली जोडणी हलते. तिथे पितळी नळच घ्या, आणि होज ओढायची सवय असेल तर पाईप भिंतीला क्लॅम्पने पक्का करा.

## पहिला आठवडा

पहिल्या रात्री सगळ्या जोडण्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर एक जरी गोल डाग दिसला तर कुठे पडला ते वर बघून ठरवा. आठवड्याने पुन्हा एकदा असंच करा. त्या दिवशी नटांना पाना लावायची गरज नाही, फक्त बोट फिरवा. बोट कोरडं राहिलं तर तिथे हात लावू नका.

अँगल कॉक दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून परत उघडा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो अडकलेला सापडणार नाही. कनेक्शन पाईपवर बसवल्याची तारीख पक्क्या शाईच्या पेनने कागदी पट्टीवर लिहून चिकटवा. किनाऱ्याजवळच्या घरात पाचेक वर्षं झाली, किंवा विणकामात एखादी तुटलेली तार बोटाला टोचली, तर पाईप बदलायला घ्या. उरलेले वॉशर आणि तो डमी प्लग एका पिशवीत घालून सिंकखालच्या खिळ्याला टांगून ठेवा.